छंदाच्या ग्रुपमध्ये खरं नाव कुणाला आणि किती सांगायचं

रविवारी पहाटे गंगापूर धरणाकडे सायकली पिटाळणारे, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण लावून बसणारे, गच्चीवर भाजी पिकवणारे, जुनी नाणी जमवणारे. नाशिकमध्ये अशा कुठल्याही छंदाची गोडी लागली की पाठोपाठ ग्रुपची लिंक येते. आत गेलात की पहिला मेसेज असतो, "स्वागत! आपलं पूर्ण नाव, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय आणि एक फोटो टाका." नवा माणूस भिडेखातर सगळं टाकून मोकळा होतो. तो मेसेज टाकण्याआधी एक दिवस थांबा आणि खालच्या पायऱ्या करा. टाकलेलं नाव परत घेणं फार अवघड असतं.

आपल्या पूर्ण नावात माहिती ठासून भरलेली असते. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. आडनावावरून लोक जात ताडतात, आणि शेवटी 'कर' असेल तर गावही. त्याला 'इंदिरानगर' किंवा 'सिडको' जोडलंत आणि कुठे नोकरी करता तेही सांगितलंत, तर घर सापडायला वॉचमनला विचारलेला एक प्रश्न पुरतो. चांदीची नाणी घरात असणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला, शाळेत शिकवणाऱ्याला किंवा एखाद्या माणसापासून लांब राहू पाहणाऱ्याला याचा त्रास होऊ शकतो. त्यांनी कारण सांगायची गरज नाही आणि इतरांनी विचारायचीही नाही.

आधी कागदावर तीन वर्तुळं

आतल्या वर्तुळात ग्रुप चालवणारे एक-दोन जण. त्यांना खरं नाव आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर ठाऊक असू द्या, तोही तुम्ही सहलीला किंवा ट्रेकला जाणार असाल तरच. मधल्या वर्तुळात ग्रुपचे सभासद. त्यांच्यासाठी टोपणनाव आणि छंदाबद्दलची माहिती पुरते. बाहेरच्या वर्तुळात सगळं जग, त्याला काहीच नको. पुढचं प्रत्येक काम करताना एकच प्रश्न विचारायचा: ही माहिती कुठल्या वर्तुळापर्यंत जाते आहे? नाव फुटतं ते बहुतेक वेळा या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मुद्दाम फोडणारे त्या मानाने थोडे असतात.

टोपणनाव

टोपणनावाने वावरणाऱ्याकडे संशयाने बघायची सवय मोडायला हवी. वि. वा. शिरवाडकरांना सगळा महाराष्ट्र कुसुमाग्रज म्हणूनच ओळखतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मात्र त्यांच्या नावाची घडण नवख्यांनी उचलू नये. बहीण कुसुम, तिचा अग्रज म्हणजे थोरला भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. शिरवाडकरांना लपायचं नव्हतं, त्यांना ते शोभलं. ज्याला ओळख राखायची आहे त्याने मात्र बहीण, मुलगी, आई यांच्या नावावरून टोपणनाव घेतलं की धागा थेट घरात जातो.

मग कसं निवडायचं? छंदातलाच एखादा शब्द घ्या: रानजाई, पाणकावळा, दमडी, पायडल. हाक मारायला सोपा हवा, कारण मिसळीच्या टेबलावर लोक तो मोठ्याने उच्चारणार आहेत. जन्मसाल, गाडीचा नंबर, जुन्या ईमेलचा तुकडा जोडू नका. नाव ठरलं की ते अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. दहा वर्षांपूर्वी तुम्ही हेच नाव दुसरीकडे खऱ्या फोटोसह वापरलं असेल तर ते इथेच कळेल. दोन छंद एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असतील तर दोन नावं घ्या. दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव मात्र घेऊ नका. तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, आणि कुणाला फसवायचं नसलं तरी गैरसमज नक्की होतो.

खरी गळती नंबरातून

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक प्रोफाइलवरचं नाव बदलतात आणि सुरक्षित झालो असं समजतात. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तुमचा नंबर आणि त्यासोबत '~' चिन्ह लावलेलं प्रोफाइलचं नाव दिसतं. म्हणजे '~रानजाई' दिसलं तरी नंबर उघडाच. तो नंबर घेऊन कुणीही दोन गोष्टी करू शकतं.

एक, ट्रूकॉलरवर टाकून बघायचं. तिथलं नाव तुम्ही दिलेलंच असतं असं नाही. इतरांनी आपापल्या फोनमध्ये तुम्हाला ज्या नावाने सेव्ह केलं त्यातूनही ते तयार होतं. दोन, यूपीआय ॲपमध्ये 'मोबाइल नंबरवर पैसे पाठवा' उघडून तो नंबर टाकायचा. नंबर यूपीआयला जोडलेला असेल तर एक रुपयाही न पाठवता बँकेतलं नाव समोर येतं. ३० जून २०२५ पासून तर एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार पैसे घेणाऱ्याचं बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवावं लागतं. ॲपमध्ये स्वतः घातलेलं टोपणनाव चालत नाही. फसवणूक रोखायला हा नियम चांगला आहे. पण त्याचा अर्थ असा की ज्या नंबरावर तुमचं यूपीआय चालतं तो नंबर सांगणं म्हणजे बँकेतलं नाव सांगणं.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला, नंबर न दिसणारी जागा निवडा. टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फोन नंबर असं जा. 'नंबर कोण पाहू शकतं' यात 'नोबडी' निवडा. ते निवडल्यावर खाली 'नंबरावरून कोण शोधू शकतं' हा दुसरा पर्याय उघडतो, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. हा दुसरा पर्याय बरेच जण विसरतात. मग ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीपासून आहे त्याला 'रानजाई' म्हणजे कोण ते लगेच कळतं. ग्रुपमधल्या कुणाला कॉन्टॅक्टमध्ये घेताना 'माझा नंबर शेअर करा' असा चौकोन येतो, त्यातली खूण काढा. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर २०२४ पासून युजरनेम मिळतं. त्याच्या शेवटी किमान दोन अंक लागतात, तिथे जन्मसालाचे अंक घालू नका. सिग्नलवर नंबर मुळातच इतरांना दिसत नाही, पण नंबरावरून शोधता येतं. तोही पर्याय प्रायव्हसीत जाऊन बंद करा.

दुसरा उपाय, छंदासाठी वेगळं सिम. ते स्वतःच्याच नावावर, रीतसर केवायसी करून घ्या. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिम घेणं गुन्हा आहे. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात ९ सिम चालतात, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. या नंबरावर बँक, यूपीआय, गॅस, वीजबिल, काहीही जोडायचं नाही. घरच्यांच्या फोनमध्येही तो टोपणनावानेच सेव्ह करायला सांगा, नाहीतर ट्रूकॉलरवर दोन महिन्यांत 'आई नवीन नंबर' असं उमटतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात, वेगळा फोन लागत नाही.

दुसऱ्या सिमची एक अडचण आधीच सांगतो. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि नंतर तो दुसऱ्याला मिळतो. तुमचं व्हॉट्सॲप खातं त्या नव्या माणसाच्या हाती जाऊ शकतं. म्हणून सिम फोनमध्येच चालू ठेवा, छोटा रिचार्ज मारत राहा आणि व्हॉट्सॲपमध्ये अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे जाऊन सहा अंकी पिन लावा.

जुन्याच नंबरावर राहायचं असेल तर निदान एवढं करा: यूपीआय ॲपमध्ये 'यूपीआय नंबर' म्हणून जोडलेला मोबाइल नंबर बंद करा, ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावरून नंबर यादीतून काढून टाका, आणि व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो, अबाउट, लास्ट सीन हे 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. तिथेच 'ग्रुप्स' नावाचा पर्याय आहे, तोही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवला की अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर कुठल्या ग्रुपात टाकू शकत नाही. फेसबुकचा हिशेब वेगळा आहे. तिथे रोजच्या व्यवहारातलं नाव वापरायचा नियम आहे. ग्रुपमध्ये 'अनॉनिमस पोस्ट' करता येते, पण ॲडमिनला तुमचं नाव दिसतंच. ती पोस्ट निनावी आहे असं समजून ॲडमिनविषयीची तक्रार तिथे लिहू नका.

दुसऱ्याच्या फोनमधलं तुमचं नाव

ही गोष्ट जुन्या सभासदांनाही ठाऊक नसते. व्हॉट्सॲपवर कुणी '@' लावून टॅग केलं की प्रत्येकाला ते नाव आपापल्या फोनमध्ये जसं सेव्ह आहे तसं दिसतं. ज्यांच्याकडे सेव्ह नाही त्यांना प्रोफाइलचं नाव किंवा नंबर दिसतो. म्हणजे टॅग करणं त्यातल्या त्यात ठीक, हाताने नाव टाइप करणं घातक. पण त्याच माणसाने चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर त्यात त्याच्या फोनमधलं नाव येतं. त्याने तुम्हाला 'मीनाकाकू सातपूर बँकवाल्या' म्हणून सेव्ह केलं असेल तर स्क्रीनशॉट जाईल तिथे मीनाकाकू, सातपूर आणि बँक तिन्ही जातात. कॉन्टॅक्ट कार्ड पुढे पाठवलं तरी तेच होतं.

म्हणून ग्रुपमधल्या ओळखीच्या माणसांना आजच विनंती करा, "ताई, माझा नंबर 'रानजाई' असाच सेव्ह करा ना." आणि तुमच्या फोनमध्ये इतरांची नावंही त्यांच्या टोपणनावानेच सेव्ह करा.

वर्गणी आणि मिसळ

राइड संपली, सगळे मिसळीला बसले. बिल एकाने भरलं, माणशी १२० रुपये, टीटीएमएम. "माझ्या नंबरवर टाका" म्हणून तो क्यूआर पुढे करतो. तुम्ही पैसे पाठवले की त्याच्या फोनवर तुमचं बँकेतलं नाव जातं. एका माणसाला कळलं तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते संध्याकाळी, जेव्हा हिशेब दाखवायला तो जमा रकमांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि बारा जणांची पूर्ण नावं एका चौकटीत येतात.

रोख द्या, हा सगळ्यात सोपा मार्ग. बाराशे-पंधराशेची वार्षिक वर्गणी असेल तर खजिनदार एकच ठेवा आणि त्याने यादी हाताने लिहावी: टोपणनाव, रक्कम, तारीख, बस्स. स्क्रीनशॉट मागायचा नाही आणि टाकायचा नाही.

फोटो, फाइल, फॉर्म

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फोटोतली सगळी नोंद जशीच्या तशी जाते. पक्ष्यांचे फोटो काढणारे दर्जा राखायला डॉक्युमेंटच पाठवतात, तिथे घात होतो. अनेक कॅमेऱ्यांत मालकाचं नाव आणि कॉपीराइट भरायची जागा असते. हौसेने एकदा भरलं की पुढच्या प्रत्येक फोटोत ते लपून बसतं. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन ते पुसा. फोनच्या कॅमेऱ्यात 'लोकेशन टॅग' बंद ठेवा.

नाण्यांचा फोटो काढताना पाठीमागे काय आहे ते बघा. टेबलावर पडलेलं वीजबिल, भिंतीवरचं नाव कोरलेलं स्मृतिचिन्ह, खिडकीतून दिसणारी सोसायटीची पाटी. नाण्याखाली एका रंगाचं कापड किंवा कार्डशीट अंथरा आणि चौकट नाण्यापुरतीच ठेवा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्यामुळे नाशिक भागात या छंदाची जाण असलेली माणसं भेटतात आणि देवाणघेवाणही होते. घरात काय आहे आणि घर कुठे आहे, या दोन गोष्टी एकाच ठिकाणी कधीही येऊ देऊ नका.

छायाचित्र स्पर्धेसाठी गुगल फॉर्म आला तर सावध राहा. फाइल अपलोड करायला गुगल खातं लागतं आणि त्या खात्यावरचं नाव फाइलच्या नावाला शेपटासारखं जोडलं जातं. परीक्षकाला नाव कळू नये म्हणून घातलेला घाट तिथेच फसतो. टोपणनावाचं वेगळं गुगल खातं उघडा आणि फॉर्म त्यातूनच भरा.

नोंदी ठेवणारी ॲप

सायकलवाल्यांनी राइडचा माग नोंदवणाऱ्या स्ट्राव्हावर प्रोफाइल आणि ॲक्टिव्हिटी 'फॉलोअर्स'पुरती ठेवावी आणि 'मॅप व्हिजिबिलिटी'त सुरुवात व शेवट झाकावा. पण रोज एकाच दारातून निघालात तर झाकलेल्या वर्तुळाच्या कडांवरून मधोमध काय आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यापेक्षा रेकॉर्डिंग जेहान सर्कलला पोचल्यावर सुरू करा आणि परतताना तिथेच थांबवा. जानेवारी २०१८ मध्ये याच ॲपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा दिसल्याचं उघड झालं होतं. तिथे कुणाचंही नाव नव्हतं, फक्त रेघा होत्या.

नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं. तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणं मोलाचं काम आहे, आणि ते खरं नाव न दाखवताही करता येतं. प्रेफरन्सेसमध्ये नाव दाखवू नका असं निवडलं की नोंद 'अनॉनिमस ईबर्डर' म्हणून दिसते, आकडे तेवढेच कामाचे राहतात. गच्चीवरून केलेल्या नोंदीच्या जागेला 'आमचं घर' किंवा सोसायटीचं नाव देऊ नका. झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर घराजवळच्या नोंदींना 'ऑब्स्क्युअर्ड' लावा. मग नेमका बिंदू न दिसता ०.२ अंशांच्या चौकटीत, म्हणजे साधारण २० ते २२ किलोमीटर लांबी-रुंदीच्या भागात, कुठेतरी असं दिसतं.

प्रत्यक्ष भेटीत

अंजनेरीच्या पायथ्याशी पहिल्यांदा भेटल्यावर कुणीतरी वडीलधारं विचारणारच, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" यात बहुतेकदा आपुलकीच असते. हसून सांगा, "ग्रुपवर मला रानजाईच म्हणतात काका, तेच चालू द्या." आणि लगेच पुढचा प्रश्न तुम्ही विचारा, वाट कशी आहे, पाणी कुठे मिळेल. खोटं आडनाव सांगू नका. खोटं लक्षात ठेवावं लागतं आणि उघडं पडलं की विश्वास जातो. न सांगणं पुष्कळ सोपं आहे.

काही ठिकाणी खरं नाव द्यावंच लागतं: वनखात्याच्या प्रवेशनोंदीत, रेल्वेच्या तिकिटावर, मुक्कामाच्या हॉटेलात, ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या नोंदणीकृत सायकल राइडच्या निकालात. डोंगरात जाताना म्होरक्याकडे खरं नाव, रक्तगट आणि घरचा एक नंबर हवाच. पाय मुरगळून माणूस दरीत अडकला तर बचाव पथकाला 'पाणकावळा' सांगून भागत नाही. ही माहिती बंद पाकिटात द्या, किंवा म्होरक्याला एकट्याला मेसेज करा.

ग्रुप चालवणाऱ्यांसाठी

आता दुसऱ्या बाजूचं. स्वागताच्या मेसेजातून 'पूर्ण नाव' काढून 'तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?' असं लिहा. एवढ्या बदलानेच अर्धं काम होतं.

सभासदांची यादी दोघांपेक्षा जास्त जणांकडे नको. गुगल शीटमध्ये असेल तर शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा. 'लिंक असलेल्या कुणालाही' ठेवलंत तर एक फॉरवर्ड झाला की यादी गावभर होते. एक्सेलमधला नावांचा रकाना लपवून फाइल पाठवणं म्हणजे न लपवण्यासारखंच, उघडणारा तो दोन क्लिकमध्ये परत दाखवतो. नावं काढून वेगळी फाइल बनवा. गुगल फॉर्ममध्ये 'निकालाचा सारांश दाखवा' हा पर्याय चालू राहिला तर भरणाऱ्या प्रत्येकाला आधीच्यांची उत्तरं दिसतात, तो बंद आहे ना ते दोनदा बघा. ट्रेकची यादी सगळे घरी सुखरूप पोचल्यावर सात दिवसांत फाडून टाका किंवा पुसा.

ग्रुपची लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. कुणीही दोन मिनिटांसाठी आत येऊन सगळे नंबर उतरवून घेऊ शकतो. 'नव्या सभासदाला मंजुरी' चालू करा आणि दर काही महिन्यांनी लिंक रिसेट करा. व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडून गेलेल्यांची यादीही ६० दिवस इतरांना दिसते, हे सोडणाऱ्याला आधी सांगा. ग्रुप मोठा असेल तर व्हॉट्सॲप कम्युनिटी वापरा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आतल्या उपग्रुपमध्ये मात्र दिसतात. टेलिग्रामवर शंभरापेक्षा जास्त सभासद झाले की ॲडमिनला सभासदांची यादी झाकता येते.

नियम लिहायचाच असेल तर असा: 'सभासदाने स्वतः सांगितलेल्या नावानेच त्याचा उल्लेख करावा. दुसऱ्याचं खरं नाव, नंबर, कामाचं ठिकाण किंवा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठेही देऊ नये. चुकून दिलं गेल्यास ताबडतोब ॲडमिनला कळवावं.' अठरा वर्षांखालची मुलं ग्रुपमध्ये असतील तर त्यांचं नाव आणि शाळा एकत्र कधीच छापू नका, बक्षीस मिळालं तरीही.

नाव फुटलंच तर

व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवसांपर्यंत 'सगळ्यांसाठी डिलीट' करता येतं, आणि ॲडमिन ग्रुपमधला कुणाचाही मेसेज पुसू शकतो. आधी पुसा, मग ज्याचं नाव फुटलं त्याला एकट्याला फोन करा आणि पुढे काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या. ग्रुपवर 'अमुक यांचं खरं नाव कुणी घेऊ नये' असा मेसेज टाकू नका. ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं तेही मग शोधायला लागतात. नाव फोडणाऱ्याशीही एकट्यातच बोला, बहुतेक वेळा ती सवयीने झालेली चूक असते.

कुणी त्या नावाचा माग काढून वारंवार मेसेज, फोन करू लागलं तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि नंबर दिसू द्या. बाईचा असा पाठलाग, ऑनलाइन असला तरी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर आलं तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, मागा. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. धोका समोर उभा असेल तर ११२.

सगळं लावून झालं की विश्वासातल्या एखाद्याच्या फोनवर बसा. असा फोन घ्या ज्यात तुमचा नंबर सेव्ह नाही. त्यावरून तुमचा ग्रुपमधला नंबर व्हॉट्सॲप, टेलिग्राम, ट्रूकॉलर आणि यूपीआय ॲप या चारही ठिकाणी टाकून बघा. जिथे खरं नाव दिसेल ते ठिकाण लिहून घ्या, सेटिंग बदला आणि आठवड्याने त्याच फोनवरून परत तपासा.